मारणाऱ्या नवऱ्यांशी बोलण्याचं काम करायचंय, नाशिकमधून सुरुवात कशी करू?

पाथर्डी फाटा

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितोच.

मी २६ वर्षांचा. नाशिकमध्येच वाढलो. एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, शेवटचं वर्ष आहे. फील्डवर्कला एका महिला समुपदेशन केंद्रात होतो, नाव लिहीत नाही. सिडको, चुंचाळे, सातपूर, पार पेठ-हरसूलकडच्याही बायका तिथे यायच्या. आम्ही तक्रार लिहून घ्यायचो, कायदा समजावायचो, माहेरी कोण कोण आहे ते विचारायचो. सगळी धावपळ तिचीच. कागद तिने जमवायचे, कामावर खाडा तिने करायचा, पोरं शेजारणीकडे तिने ठेवून यायचं. आणि ज्याच्यामुळे हे सगळं, तो समोरच्या टपरीवर चहा पीत उभा. त्याला आत बोलावलं तर जेमतेम दहा मिनिटं. "नीट वागा, दारू सोडा, पोरांकडे बघा." तो मान हलवायचा, हमीपत्रावर सही ठोकायचा आणि गाडीला किक मारून निघायचा.

एक बाई चार महिन्यांत तीनदा आल्या. तिसऱ्या वेळी त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मी नेहमीप्रमाणे कलमं सांगायला लागलो तर म्हणाल्या, "भाऊ, मला सगळं पाठ झालं. त्यांना कोण शिकवणार?"

त्या दिवसापासून डोक्यात हेच आहे. वडील म्हणतात, असे पुरुष असतात तरी किती, त्यावर करिअर काय करणार. मी त्यांना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा दाखवला. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा विवाह झालेल्या बायकांपैकी साधारण २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, लोकांच्या घरात कशाला शिरतोस.

विचारायचं ते असं. पुरुषांबरोबर असं काम आपल्याकडे कुणी करतं का? त्यासाठी काय शिकावं लागतं, पोट भरतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही माणसं बदलतात का?

गंगापूर रोड

वाचनखूण साठवली. माझाही एक प्रश्न: असा माणूस आपणहून येतो तरी कशाला?

रानमोगरा

पाथर्डी फाटा, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे म्हणून अरे-तुरे करते. या कामात १७ वर्षं झाली, त्यातली शेवटची ९ नाशिकमध्ये. आधी फक्त बायकांसाठी काम केलं, नंतर पुरुषांबरोबर.

गंगापूर रोड, आपणहून जवळजवळ कुणी येत नाही. कोर्टाने पाठवलं म्हणून येतात, बायको माहेरी जाऊन बसली आणि परत यायला तयार नाही म्हणून येतात. "तिला नांदायला पाठवा" हे पहिलं वाक्य असतं. त्यावर मी सांगते की ते माझ्या हातात नाही आणि तुम्ही इथे येण्याची ती किंमतही नाही. निम्मे तिथेच उठतात.

जे थांबतात त्यांचं बोलणं नीट ऐकायचं. "भांडण झालं." "हात उठला." "डोकं फिरलं." "तिला लागलं." आपल्या मराठीत ही सोय फार आहे. हात आपला आपण उठतो, डोकं आपलं आपण फिरतं, तिला आपलं आपण लागतं. करणारा कुणी सापडतच नाही. पहिले कित्येक आठवडे माझं काम एवढंच असतं, त्या वाक्यात 'मी' आणायचा.

एक उदाहरण देते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. अंबडच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा, पस्तिशीचा. म्हणाला, "जेवताना वाद झाला, ताट उडालं, तिला लागलं." मी विचारलं, ताट कुणाच्या हातात होतं? "माझ्या." मग उडालं कसं? "फेकलं गेलं." कुणी फेकलं? "मी रागात होतो ताई." राग मला कळला, ताटाचं सांगा. त्या दिवशी तो उठून गेला. पुढच्या आठवड्यात "मी फेकलं" इथवर आला. कुठे? "भिंतीकडे." हे भिंतीकडेचं प्रकरण तीन आठवडे चाललं. मग एकदा मी विचारलं, भिंतीकडे फेकलं तर टाके तिच्या भुवईला कसे? समोरच्या पेल्याच्या काठावरून तो बोट फिरवत बसला होता. ते बोट थांबलं. "मी तिच्या तोंडावर फेकलं." पाचवा आठवडा होता तो.

लोकांना वाटतं इथे काम संपलं. इथे सुरू होतं. मग मी विचारते, सुपरवायझरने आईवरून शिवी दिली तेव्हा हातातला पाना त्याला मारला का? नाही, नोकरी गेली असती. म्हणजे राग तिथे आवरतो. दारूचंही तेच. व्यसनावर उपचार हवेतच, ते वेगळे आणि मन लावून करायचे, पण प्यायलेला माणूस गल्लीतल्या पैलवानाच्या अंगावर जात नाही, थेट घरी येतो आणि जिच्यावर हात टाकलेला चालतो तिच्यावरच टाकतो. दारू सुटल्यावर शुद्धीत मारणारे मी पुष्कळ पाहिलेत. म्हणून 'राग आवरायला शिकवा' एवढ्यावर हे भागत नाही. घरात मला विचारल्याशिवाय पान हलू नये, भाजीपासून तिच्या मोबाइलपर्यंत, हे त्याला हक्काचं वाटतं. बोलायचं ते त्या हक्काबद्दल.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या लेखी हीच पहिली. त्याच्याशी बोलायला सुरुवात करण्याआधी तिच्याशी बोलणारी वेगळी बाई नेमलेली असली पाहिजे. तिच्याकडून कळलेलं एक अक्षरही त्याच्यापुढे काढायचं नाही. दोघांना एकत्र बसवायचं नाही. ती समोर बसून जे बोलेल त्याची किंमत रात्री घरी मोजते. फोन करायचीही पद्धत असते. एका ताईंशी आमचं ठरलं होतं: तो घरात असला तर त्या म्हणणार, "ब्लाऊज शिवून झाले नाहीत अजून." मग आम्ही शिवणवाल्या. आणि त्याने कधी गळा दाबला असेल, ती सोडून जाण्याच्या बेतात असेल, तो "तुला मारून मी मरेन" म्हणत असेल, तर बैठका बाजूला. आधी तिचा जीव. गळा दाबलेल्या बाईचा पुढे खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे या कामातल्या प्रत्येकाला झोपेतही आठवलं पाहिजे.

पोटाचं विचारलंस. खरं सांगते, या नावाचं पद आपल्याकडे शोधून सापडत नाही. तू समुपदेशक म्हणून लागशील, बहुतेक कंत्राटी. मानधन थोडं, तेही वेळेवर येईल असं नाही. एका ठिकाणी मी सलग पाच महिने बिनपगारी काढलेत. घरचा आधार नसता तर मी टिकले नसते, हे लपवण्यात अर्थ नाही.

काळा कोट

सीबीएसजवळच्या जिल्हा कोर्टात वकिली करतो. ताईंच्या म्हणण्याला कायद्याचा आधार किती भक्कम आहे ते सांगतो, कारण आमच्याच लोकांना हे माहीत नसतं.

घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, किंवा पीडितेला, एकेकट्याला किंवा दोघांना मिळून, समुपदेशनाला पाठवू शकतात, आणि पाठवलं तर पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. म्हणजे 'त्याला एकट्याला पाठवा' असा अर्ज करता येतो. मी करतो, सगळेच करत नाहीत.

याहून महत्त्वाचा आहे २००६ च्या नियमांतला नियम १४. समुपदेशनात हिंसेचं कुठलंही समर्थन चालणार नाही, आणि हे प्रतिवादीला सुरुवातीलाच सांगायचं, असं त्यात स्पष्ट आहे. "तिने उलट उत्तर दिलं म्हणून" हे वाक्य कायद्यानेच दाराबाहेर ठेवलंय. पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची आहे. तडजोडीचा विषय निघतो तो फक्त तिची इच्छा असेल तर. प्रत्यक्षात मात्र कित्येक ठिकाणी समुपदेशन म्हणजे मांडवली. "दोन भांडी एकत्र आली की आवाज होणारच" म्हणायचं आणि स्टॅम्प पेपर पुढे सरकवायचा. त्या स्टॅम्प पेपरला काडीची किंमत नसते. कोर्टाचा संरक्षण आदेश असेल आणि तो मोडला, तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून माझा आग्रह असतो, आधी आदेश घ्या, मग बोलणी.

फौजदारी बाजूला, नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या क्रूरतेबद्दलचं जुनं ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, १ जुलै २०२४ पासून. पाथर्डी फाटा, हे काम करणार असाल तर हा कायदा आणि त्याचे नियम मुळातून वाचा. पन्नासेक पानांच्या आत सगळं होतं.

चांदवडची लेक

वर सगळ्यांनी छान लिहिलंय, पण मला राग येतोय आणि तो मी लिहिणार आहे.

माझ्या नवऱ्याला समजावलं गेलं होतं. एकदा नाही, सात-आठ वेळा. तिथे त्याला शब्द मिळाले. घरी येऊन म्हणायचा, "मॅडम म्हणाल्या, माझ्यावर लहानपणी अन्याय झालाय. तू मला समजून घेत नाहीस म्हणून माझा तोल जातो." आधी नुसता मारायचा, नंतर मारून वर मलाच समजावायचा.

ज्या रात्री घर सोडलं त्या रात्री मी दोन पोरांना घेऊन स्टँडच्या बाकावर बसले होते. धाकट्याला ताप होता. मला कुठे जायचं माहीत नव्हतं, महिलांच्या मदतीचा १८१ नंबरही माहीत नव्हता. माझ्यासाठी एक खोली नव्हती. आणि त्याच्यासाठी दर आठवड्याला खुर्ची, पंखा, चहा, आणि ऐकून घेणारं माणूस. या कामाला पैसा येईल तो कुणाच्या वाट्याचा असेल? हे आधी सांगा.

रानमोगरा

चांदवडची लेक, तुमचा एकेक शब्द खरा आहे. तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. तो बदलला का, हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही आणि मलाही नाही. मला तो दर आठवड्याला तास-दीड तास दिसतो, इस्त्रीच्या शर्टात. तुम्हाला चोवीस तास दिसत होता. तुम्हाला विचारल्याशिवाय ज्यांनी त्याला 'सुधारणा आहे' असा शेरा दिला असेल त्यांनी तुमचा जीव धोक्यात घातला, दुसरा शब्द नाही.

आणि पैशाचं: निवाऱ्यातून, बायकांच्या कामातून एक रुपयाही याकडे वळता कामा नये. असा प्रस्ताव माझ्यासमोर एकदा आला होता. मी नाही म्हटलं, काम वर्षभर बंद राहिलं. आजही नाहीच म्हणेन.

दूरदेशी

मूळची नाशिकरोडची, आता मेलबर्नला. हेच काम करते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

इथे व्हिक्टोरिया राज्यात कौटुंबिक हिंसेवर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारने नेमलेला चौकशी आयोग, बसलं, २०१६ साली त्याचा अहवाल आला, २२७ शिफारशी. सरकारने सगळ्या स्वीकारल्या. त्यानंतर या कामाला पैसा, प्रशिक्षण, नोकऱ्या, सगळंच वाढलं. पुरुषांचे गट असतात, बहुतेक ठिकाणी चालवायला एक पुरुष आणि एक बाई. त्याचं कारण नुसतं संतुलन नाही. आमच्या गटात मी बोलायला लागले की काही जण माझ्या सहकाऱ्याकडे बघून उत्तर देतात. ते तिथल्या तिथे दाखवता येतं: प्रश्न मी विचारला, तुम्ही त्याच्याकडे का बघताय? घरीही असंच होतं का? त्याच वेळी दुसरी सहकारी त्या पुरुषांच्या बायकांच्या, जोडीदारणींच्या संपर्कात असते. ती नसेल तर गट चालवायचा नाही, हे इथे गृहीतच धरलेलं आहे. रानमोगरा ताई नाशिकमध्ये बसून तेच करतायत, हे वाचून भरून आलं.

बदलतात का? पुराव्याबद्दल प्रामाणिक राहायला हवं. अमेरिकेत १९८१ साली मिनेसोटातल्या डुलुथ गावात अशा पुरुषांबरोबर काम करायची जी पद्धत सुरू झाली तीच जगभर पसरली. तिथलं 'सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र', म्हणजे मारणारा कोणकोणत्या मार्गांनी ताबा ठेवतो त्याचं चित्र, मार खाल्लेल्या बायकांच्या सांगण्यातून बनलं. पण २००४ साली २२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा अशा कार्यक्रमांचा परिणाम छोटाच निघाला. ब्रिटनमधल्या २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात बायकांनाच विचारलं, तेव्हा मारहाण बरीच कमी झालेली दिसली, पण पाळत, टोमणे, पैशावरचा ताबा तेवढा कमी झाला नव्हता. मला रोज हेच दिसतं. हात थांबतो, मुठीतला कारभार सुटत नाही. कॅलिफोर्नियात शिक्षा म्हणून ५२ आठवड्यांचा कार्यक्रम कायद्याने लावतात, त्याला कारण आहे.

आपली मराठी माणसंही येतात माझ्याकडे. चांगल्या पगाराची. मारत नाहीत कधीकधी, नुसतं म्हणतात, "तुझा व्हिसा माझ्या हातात आहे."

पाथर्डी फाटा

काय लिहू कळत नाही. दूरदेशी ताई, इथे असं शिकायचं तर कुठे?

रानमोगरा

तू शिकतोयस ते वाया नाही. नाशिकमध्ये मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाजाचं) समाजकार्य महाविद्यालय, पुण्यात कर्वे, मुंबईत निर्मला निकेतन आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), पाया तोच. पण खरं शिक्षण कामावर. टिसने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून पोलिसांच्या आवारात बसून पोलीस न होता काम करायची एक रीत महाराष्ट्रात तयार झालीय. अशा ठिकाणी उमेदवारी कर. पुरुषांच्या बाजूने बघायचं तर १९९१ साली एका पत्रकाराने वर्तमानपत्रात हाक दिली होती, बायकांना मारणं थांबावं असं वाटणाऱ्या पुरुषांनी पुढे या म्हणून. त्यातून १९९३ साली मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संस्था उभी राहिली. त्यांचं काम जास्त करून तरुण मुलांबरोबर, म्हणजे हात उचलण्याच्या आधीच्या टप्प्यावर. तेही बघून ये.

माझं मत विचारशील तर पहिली दोन वर्षं फक्त बायकांच्या बाजूने काम कर. दोनशे बायकांचं ऐकल्याशिवाय एकाही पुरुषासमोर बसू नकोस. का, ते त्यांच्यासमोर बसशील तेव्हा कळेल. फार गोड बोलतात ते.

आणि वेळांची सवय कर. सातपूर-अंबडवाले पाळी बदलली की गायब. दिंडोरी-निफाडवाले द्राक्षं काढायला आली की चार-चार आठवडे येत नाहीत, आणि त्याच दिवसांत, पैसा हातात असताना किंवा भाव पडलेला असताना, घरी काय होतं ते तिला विचारावं लागतं.

नाव नको

नवा आयडी काढून लिहितोय. मी त्या खुर्चीत बसलेलो माणूस आहे. चांदवडच्या ताईंनी माझं वाचू नये असं वाटत असेल तर बरोबरच आहे.

गंगापूर रोड यांचा प्रश्न होता का येतात. मी कोर्टाच्या आदेशाने गेलो, बायकोचंच चुकलं हे सिद्ध करायला. पहिला समुपदेशक पुरुष होता. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बायका अशाच असतात हो, आपणच समजून घ्यायचं." मला इतकं बरं वाटलं. त्या दिवशी मी घरी गेलो तो जिंकल्यासारखा. रात्री तिला म्हणालो, साहेबसुद्धा माझ्या बाजूने आहेत. पुढचं लिहीत नाही.

पाथर्डी फाटा, तुम्ही पुरुष आहात म्हणून हे सांगतोय. माझ्यासारखा माणूस तुमच्याकडून हेच मागणार. चहा पाजणार, 'साहेब तुम्हीतरी समजा' म्हणणार, तुमच्या हसण्याची वाट बघणार. हसू नका.

दुसऱ्या ठिकाणी एक बाई होत्या. त्यांनी मला दर वेळी तेवढ्याच शांतपणे त्याच जागी आणून उभं केलं. वर्ष गेलं. सुधारलो असं मी म्हणत नाही. बायको वेगळी राहते, भावाकडे, ओझरला. तिने परत यावं असं आता मी कुणामार्फत कळवत नाही, एवढंच मला जमलंय. एक रविवार सोडून एक मुलीला भेटायला जातो. आम्ही एकत्र राहत होतो तेव्हा माझ्या बुलेटचा आवाज आला की ती टीव्ही बंद करायची. ते मला तेव्हा शिस्त वाटायची. मागच्या रविवारी गेलो तर दारातूनच ऐकलं, आतला टीव्ही बंद झाला. आता मी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावतो आणि चालत जातो.

चांदवडची लेक

वाचलं. उत्तर द्यायचं नाहीये.

काळा कोट

या धाग्यावर कुणी आत्ता अशा घरात असेल तर १८१ किंवा ११२ ला फोन करा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पाथर्डी फाटा

सगळं दोनदा वाचलं. रानमोगरा ताई, तुमचं ते 'मी' आणायचं वाचून माझी फील्डवर्कची वही काढली. ३१ केसेस आहेत. जवळजवळ प्रत्येक पानावर मी स्वतः लिहिलंय: "किरकोळ कारणावरून वाद होऊन मारहाण झाली." ज्या बाईंचा कान गेला त्यांच्या पानावर "डाव्या कानास इजा झाली" एवढंच आहे. कुणी केली ते कुठेच नाही. सरांनी प्रत्येक पानावर बरोबरची खूण केलीय.

रानमोगरा

मंगळवारी ये, तीननंतर मी मोकळी असते. पत्ता व्यनि करते. वही घेऊन ये, आणि एक लाल पेन.